रेघेखालचा रंग

शेड कार्ड उघडलं की पंख्यासारखं पसरतं.
एकेका पट्टीवर सहा-सहा नावं,
शिंपल्याचा पांढरा, वाळूची पहाट,
कुठल्या तरी समुद्राकाठची.
शुक्रवार पेठेत समुद्र येत नाही.
नदी येते.

एकोणीस साली हॉलच्या भिंतीवर
ती एक रेघ मारून गेली,
स्विचबोर्डाच्या वर चार बोटं,
पाणसळ लावल्यासारखी सरळ.
इस्माईल शिकलगारांनी ती तीनदा बुजवली,
प्रायमर, पुट्टी, वरून दोन हात.
दर श्रावणात ती खपलीसारखी वर येते.

शहाजी म्हणतात, सगळं घर एकाच रंगात करू,
ऑफ व्हाईट. मोठं दिसतं.
ऋतुजाला तिची भिंत जांभळट हवी,
फोटो चांगले येतात म्हणून.
सासूबाईंचं एवढंच, की काळं-निळं काही नको
आणि देवाजवळ पिवळा.
मी म्हणते, रंग एकमेकांशी बोलले पाहिजेत.
शहाजी म्हणतात, आधी आपण बोलू.

मग आठ दिवस मी रंग गोळा करत हिंडले.
मार्केट यार्डात गुळाच्या ढेपेची फुटलेली कड.
तालमीची माती, खिडकीतून बघितलेली,
आत आम्हाला जाता येत नाही, म्हणून अर्धीच.
रंकाळ्याचा हिरवा सोडून दिला,
त्याला वास असतो.
पांढऱ्या रश्श्याचा पांढरा,
जो मुळात पांढरा नसतोच,
खसखस, खोबरं, वर तुपाचा डोळा,
तो घेतला. रेघेच्या वर तो.

खाली काय?

माहेरी, जवाहरनगरात, दादा कातडं कमवायचे.
कमवणंच म्हणतात त्याला,
पैसे कमवणं वेगळं.
हिरडा, बाभळीची साल, पाणी
आणि थांबणं.
त्यांचे हात कोपरापर्यंत त्या रंगाचे.
कोपराशी एक रेघ,
तिच्या वर ते इतरांसारखे.
माझ्या लग्नात लिंबू, रॉकेल, सगळं घासून झालं
आणि ते मांडवात
हात मागे बांधून उभे राहिले.

त्यांनी शिवलेली माझी कापशी जोडी
पिशवीतून रंगाच्या दुकानात नेली.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
मॅडम, चपला खाली ठेवा.
म्हटलं, खाली ठेवल्यावर रंग कसा बघणार?
त्याच्या मशीनला काही तो सापडला नाही.
चार नंबर आले, चारी बिस्किटाचे.

शेवटी शिकलगारांनी बादलीत हातानंच कालवला.
पिवळा ऑक्साईड, लाल, काळा थेंबभर.
"वहिनी, लई गडद हुईल. आणि हॉलला ह्यो?"
मी चप्पल पुढे केली.
त्यांनी टाचेवरून अंगठा फिरवला.
"ही तेल प्यालेली हाय. कोरडी असताना कशी हुती?"
मग पुढे काही विचारलं नाही.

शहाजी टेप घेऊन आले रेघ आखायला.
राहू दे म्हटलं, आखलेली आहे.

सासूबाई अंबाबाईहून आल्या,
दारात चपला काढल्या,
आणि भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.
"चहासारखा आहे," म्हणाल्या.
चहा म्हणा.

ऋतुजाची भिंत जांभळटच होणार.
ती कशाशीच बोलत नाही,
पण सोळाव्या वर्षी कोण बोलतं.

अजून एक हात बाकी आहे.
ओला असताना फिका वाटतो,
वाळला की खरा दिसेल, शिकलगार सांगतात.
दादांना रविवारी जेवायला बोलावलंय.
एकोणीस वर्षांत ते उंबऱ्यावरूनच परतलेत,
बस आहे, पाणी चढतंय, पाय खराब आहेत
असं काहीतरी सांगत.
फोनवर म्हणाले, बघतो.
मी म्हटलं, बघायलाच या.